झेंझिलेचे गाणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला व्याख्यान म्हटले की विषय ठरलेला असतो. कुणी आहारशास्त्रावर बोलते, कुणी संतवाङ्मयावर. मला यंदा 'गाणे आणि समाज' असा विषय दिला होता. शाळेत तीस वर्षे गाणे शिकवले म्हणून मला त्यातले कळत असावे, असा समितीचा समज. एवढा मोठा विषय मला पेलणार नाही. तेव्हा मी एका बाईची हकीकत सांगणार आहे. ती आपल्या देशातली नाही, आपल्या भाषेतली नाही आणि ती शास्त्रोक्त गाणारीही नव्हे. लोकांना नाचायला लावणारी गाणी ती गायची. तिचे नाव मिरियम मकेबा. दक्षिण आफ्रिकेची.

हीच बाई का, याचे कारण सांगते. त्यात माझी थोडी चूक आहे, आणि ती आज इथे कबूल करावी असे मनात आहे.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या गायनवर्गाने कार्यक्रम केला होता. त्या वेळी आपल्या एका सभासद भगिनीच्या सूनबाईंनी स्वतः एक गाणे रचून आणले होते. पहाटे तीन वाजता उठून टँकरची वाट पाहत कळशा घेऊन रांगेत उभे राहायचे, त्याचे ते गाणे होते. चाल बरी होती. पण कार्यक्रम बसवणारी मी. मी म्हटले, "सणासुदीला हे रडगाणे कशाला? काही गोड घेऊ या." त्या काही बोलल्या नाहीत. वही मिटली. तेव्हापासून त्या गायनवर्गाला आलेल्या नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या भाच्याने फोनवर एक जुनी चित्रफीत पाठवली. स्वीडनमध्ये १९६६ साली झालेला मिरियम मकेबाचा कार्यक्रम. तिचे 'पाता पाता' हे गाणे लहानपणी आमच्या शेजारच्या घरी तबकडीवर ऐकले होते आणि आम्ही मुली त्यावर फेरही धरत असू. त्याहून अधिक मला तिची माहिती नव्हती. या चित्रफितीत ती एक वेगळे गाणे सुरू करण्याआधी श्रोत्यांना त्याचा अर्थ सांगते. गाण्याचे नाव 'खाउलेझा'. म्हणजे 'लवकर कर'. वस्तीत पोलिसांची गाडी शिरताना रस्त्यावर खेळणारी मुले पाहतात आणि घरातल्या आयांना ओरडून सांगतात, आई, लवकर कर, आई, तुला धरू देऊ नकोस. एवढेच ते गाणे.

आयांनी काय लवकर करायचे? तर घरात केलेली दारू लपवायची. हे ऐकून आपल्याला जरा चमकल्यासारखे होते. मलाही झाले. म्हणून आधी त्या दारूची गोष्ट सांगते, कारण मकेबाबाईंचे आयुष्य तिथूनच सुरू होते.

मक्याच्या आणि ज्वारीच्या मोडांपासून करायची ती दारू, तिला तिकडे 'उम्कोम्बोथी' म्हणतात. पातळ आणि आंबूस असते. लग्नात, बारशात, पितरांच्या नैवेद्याला ती लागते. करण्याचे काम बायकांचे. गोऱ्या सरकारने कायदा केला की काळ्या माणसांनी ती घरी करायची नाही. यात त्यांच्या आरोग्याची काळजी होती असे समजू नका. अनेक शहरांतून नगरपालिकेने स्वतःचे गुत्ते उघडले होते. काळ्या मजुरांनी तिथेच प्यायचे, आणि त्याच नफ्यातून त्यांच्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या कचेऱ्या चालवायच्या! ज्या बाईला गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करूनही पोरांचे पोट भरता येत नसे, ती मग रात्री चोरून हंडा चढवी. पोलीस आले की हंडे फोडत आणि बाईला घेऊन जात. १९५९ साली डर्बनजवळच्या केटो मॅनर वस्तीतल्या बायकांनी वैतागून नगरपालिकेच्या गुत्त्यांवरच मोर्चा नेला होता.

मिरियमचा जन्म ४ मार्च १९३२ रोजी जोहान्सबर्गच्या प्रॉस्पेक्ट वस्तीत झाला. आई स्वाझी जमातीची, घरकाम करणारी आणि झाडपाल्याची जाणकार. तिच्या अंगात पितरांचा संचार होतो असे लोक मानत. वडील खोसा जमातीचे. मूल अठरा दिवसांचे असताना पोलिसांनी आईला घरी दारू केल्याबद्दल धरले. दंड भरायला पैसे नव्हते. सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि अंगावर पिणारी पोर आईबरोबर तुरुंगात गेली. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना उंबरठा ओलांडू देत नाहीत. या पोरीची कानफुंकणी तुरुंगात झाली म्हणायची.

तिचे घरचे नाव झेंझिले. त्याचीही एक गोष्ट आहे. पुन्हा बाळंतपण झेपायचे नाही, असे आईला आधी बजावलेले होते. कळा देताना आजी जवळ बसून पुटपुटत होती की हे तू आपल्या हातानेच ओढवून घेतलेस. त्या उद्गारावरूनच पोरीचे नाव पडले. आपल्याकडे नाही का 'नकोशी' नाव ठेवीत? पण आजीच्या बोलण्यात चिडण्यापेक्षा माया अधिक असावी, कारण पुढे याच आजीने तिला वाढवले.

वडील ती पाचसहा वर्षांची असतानाच गेले. आई जोहान्सबर्गला गोऱ्यांच्या घरी राहून काम करी. त्यांची मुले सांभाळायची आणि आपली मुले दुसऱ्या गावी आजीपाशी ठेवायची, अशी तिकडची रीत झाली होती. प्रिटोरियाच्या रिव्हरसाइड वस्तीत आजीच्या घरी चुलत-मावस भावंडांचा मोठा गोतावळा होता. किल्नर्टन येथे मिशनऱ्यांची शाळा होती, तिथल्या गायनवृंदात मिरियम आठ वर्षे गायली. १९४७ साली इंग्लंडचा राजा दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आला, तेव्हा ही मुले त्याला गाणे ऐकवायला रस्त्याच्या कडेला पावसात उभी राहिली. राजाची गाडी न थांबता पुढे निघून गेली. तिच्या आठवणींत ही गोष्ट येते. मुलांना पावसात उभे करून पाहुणे उशिरा आणण्याचा प्रघात आपल्या शाळांतूनही आहे, म्हणून ती मला विशेष लागली.

सतराव्या वर्षी लग्न झाले. नवरा पोलिसात शिकाऊ. पुढच्या वर्षी मुलगी झाली, तिचे नाव बोंगी. नवरा मारहाण करी. त्यातच मिरियमला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि नवरा सोडून गेला. आईने आपल्या पद्धतीने औषधोपचार केले, त्यातून ती वाचली. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, कडेवर मूल, घरी आधार नाही. इथून तिने गाण्यावर पोट भरायला सुरुवात केली.

प्रथम भाच्याच्या छोट्याशा संचात, मग 'मॅनहॅटन ब्रदर्स' या त्या काळच्या फार लोकप्रिय पुरुषसंचात ती गायली. या संचात ती एकटी बाई. १९५६ साली 'स्कायलार्क्स' नावाचा मुलींचा संच निघाला, त्यातही ती होती. तबकड्या खूप खपत. पण त्या काळी काळ्या कलावंतांना गाण्यापोटी बहुधा एकरकमी थोडे पैसे मिळत आणि पुढच्या खपाशी त्यांचा संबंध उरत नसे. रात्री कार्यक्रम संपवून घरी जायचे तर परवाना हवा. काळ्या माणसाने गोऱ्यांच्या शहरात कुठे, किती वेळ असावे, हे सांगणारे परवान्याचे पुस्तक खिशात असलेच पाहिजे, आणि तेव्हा ती सक्ती बायकांवरही आणत होते. त्याविरुद्ध ९ ऑगस्ट १९५६ रोजी प्रिटोरियाच्या सरकारी कचेरीवर सुमारे वीस हजार बायका गेल्या. पाठीला मुले बांधून गेल्या, आणि निवेदने दिल्यावर अर्धा तास एक अक्षर न बोलता उभ्या राहिल्या. वीस हजार बायका अर्धा तास गप्प! आपल्या सर्वसाधारण सभेच्या चिटणीसबाई हसताहेत, त्या का हसताहेत ते मला ठाऊक आहे.

१९५९ हे मिरियमच्या नशिबाचे साल. त्या वर्षी 'किंग काँग' नावाचे संगीत नाटक जोहान्सबर्गच्या विद्यापीठाच्या सभागृहात लागले. नावावरून वानराची गोष्ट वाटेल, पण ते एका काळ्या मुष्टियोद्ध्याच्या शोकांताचे नाटक होते. विद्यापीठात गोरे-काळे प्रेक्षक एका छपराखाली बसू शकत, म्हणून ते तिथे. मिरियमची भूमिका कोणती? चोरून दारू विकणाऱ्या घराच्या मालकिणीची. त्याच सुमारास लायनेल रोगोसिन नावाचा अमेरिकन दिग्दर्शक देशातल्या काळ्या लोकांच्या हालांवर बोलपट काढत होता. आपण लोकसंगीतावर चित्रपट करतो आहोत असे त्याने सरकारला भासवले होते. त्यातही मिरियम अशाच एका दारूच्या घरात येते, दोन गाणी म्हणते आणि जाते. सारे मिळून काही मिनिटांचे काम. आईला ज्या हंड्यापायी तुरुंग घडला, तोच हंडा लेकीला रंगमंचावर आणि पडद्यावर घेऊन गेला!

तो 'कम बॅक, आफ्रिका' बोलपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला आणि रोगोसिनने खटपट करून मिरियमला तिथे नेले. लहानगी बोंगी आजीपाशी राहिली. थोड्या दिवसांत परत येऊ, असाच हिशोब असणार. व्हेनिसहून लंडन, तिथे हॅरी बेलाफॉन्टे या प्रसिद्ध कृष्णवर्णीय गायकाची भेट झाली, त्याने तिला अमेरिकेत उभे केले. नोव्हेंबर संपता संपता ती अमेरिकेच्या दूरदर्शनवर गायली. न्यूयॉर्कच्या एका लहानशा गायनगृहात तिला ऐकायला नावाजलेले वादक येऊन बसू लागले.

इथे मला तिच्या गाण्याविषयी थोडे बोलू द्या. माझे खरे काम तेच. खोसा भाषेत काही व्यंजने जिभेचा टणत्कार करून उच्चारतात. आपण हळहळताना 'च्‌ च्‌' करतो तो एक, घोड्याला हाकारताना गालाशी करतो तो दुसरा, आणि टाळूवर जीभ आपटून बाटलीचे बूच उडाल्यासारखा करतात तो तिसरा. आपल्याकडे ते नुसते आवाज, त्यांच्याकडे ती अक्षरे. मकेबाचे एक गाणे आहे, 'कोंगकोथ्वाने', लग्नात नववधूसाठी म्हणायचे, एका किड्याच्या नावाचे. त्यात हे टणत्कार शब्दांच्या मध्ये इतके सहज पडतात की वेगळा ताल धरला आहे असे वाटते. मी घरी प्रयत्न करून पाहिला. टणत्कार येतो, पण त्याच वेळी सूर सुटतो. तिचा सुटत नाही. गोऱ्या लोकांना त्या गाण्याचे नाव उच्चारता येत नसे, म्हणून त्यांनी त्याला टणत्काराचे गाणे असेच नाव दिले. मकेबा ते रंगमंचावर हसत हसत सांगे आणि मग बजावी की हा काही घशातून काढलेला आवाज नव्हे, ही माझी भाषा आहे.

तिच्या केसांबद्दलही एक शब्द. त्या काळी कृष्णवर्णीय गायिका केस सरळ करून घेत, तोंडाला रंग लावीत. हिने केस आखूड आणि जसे कुरळे होते तसेच ठेवले आणि रंग लावायचे नाकारले. पुढे अमेरिकेतल्या कितीतरी मुलींनी तिचे पाहून तसे केस ठेवले. तिने त्यावर भाषण केले नाही. नुसते केस तसे ठेवले.

१९६० साल उजाडले. २१ मार्चला शार्पव्हिल येथे परवान्याच्या सक्तीविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा एकोणसत्तर मृतांचा. त्याच वर्षी मिरियमची आई गेली. अंत्यविधीला जायचे म्हणून ती दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीत पारपत्र घेऊन गेली. अधिकाऱ्याने त्यावर शिक्का मारून परत दिले. पारपत्र रद्द. का, ते सांगितले नाही. तिने तोवर एकही राजकीय भाषण केलेले नव्हते. एका बोलपटात दोन गाणी म्हटली होती.

तुरुंगात जिने कुशीत घेऊन सहा महिने काढले, त्या आईला माती द्यायलाही लेक जाऊ शकली नाही. पारपत्र रद्द झाल्याचा पुढचा तीस वर्षांचा सारा हिशोब माझ्या मते त्या एका दिवसात आहे. बोंगीला मात्र त्याच वर्षी न्यूयॉर्कला आणता आले, एवढे समाधान.

मग ती बोलू लागली. १६ जुलै १९६३ रोजी युनोच्या वर्णभेदविरोधी खास समितीपुढे तिने साक्ष दिली. देशाचा तुरुंग झाला आहे, शस्त्रे पाठवू नका, ती आमच्या बायकामुलांवर चालतील, असे तिने सांगितले. या समितीचे मुख्य सचिव होते एनुगा श्रीनिवासुलू रेड्डी, आपल्या आंध्रातले गृहस्थ. आपल्या देशाने तर १९४६ सालीच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडून हा प्रश्न युनोत नेला होता, तो प्रथम तिथल्या हिंदी लोकांवरच्या अन्यायासाठी. मिरियमच्या साक्षीनंतर पुढच्याच महिन्यात सुरक्षा समितीने दक्षिण आफ्रिकेला शस्त्रे न देण्याचे आवाहन केले. ते तिच्या एकटीच्या साक्षीने झाले असे मी म्हणणार नाही. बत्तीस राष्ट्रे जमून करायची कामे एका गाण्याने होत नसतात. पण सरकारला तिची धास्ती किती वाटली ते पाहा. तिचे नागरिकत्व काढून घेतले आणि तिच्या तबकड्यांवर बंदी घातली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये नेल्सन मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर खटला चालू असताना तिने पुन्हा साक्ष दिली.

आपण राजकारण गात नाही, घडते ते गातो, असे ती जन्मभर सांगत आली. यात तिचा भोळेपणा नव्हता. 'खाउलेझा' पाहा ना. ते डोरोथी मसुका या गायिकेचे गाणे, आणि तिलाही पुढे एका गाण्यापायी देशाबाहेर राहावे लागले. त्यात सरकारचे नाव नाही, मागणी नाही, धिक्कार नाही. पोरांनी आईला घातलेली हाक आहे. पण ती हाक ऐकल्यावर ऐकणाऱ्याला विचारावेच लागते की पोरांवर ही पाळी का आली. मला वाटते, तिथल्या सरकारला भाषणापेक्षा या असल्या गाण्याचीच भीती अधिक होती. भाषणाला उत्तर देता येते.

१९६६ साली तिला आणि बेलाफॉन्टेला मिळून अमेरिकेचे मोठे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्या तबकडीवर झुलू, सोथो, स्वाहिली अशा भाषांतली गाणी आहेत. १९६७ साली 'पाता पाता' निघाले आणि जगभर गाजले. त्याचा अर्थ 'स्पर्श कर, स्पर्श कर'. वस्तीतल्या एका नाचाचे ते गाणे. गंमत अशी की तिला स्वतःला ते फारसे महत्त्वाचे वाटत नसे. इतकी अर्थाची गाणी म्हटली आणि लोकांनी डोक्यावर घेतले ते हे, अशी तिची तक्रार असे. पण आम्ही मुलींनी त्यावर फेर धरला नसता, तर बाकीची गाणी शोधायला मी कशाला गेले असते?

पुढच्या वर्षी तिने स्टोकली कारमायकेल या काळ्या लोकांच्या जहाल पुढाऱ्याशी लग्न केले. अमेरिकेत कार्यक्रम भराभर रद्द झाले. कालपर्यंत टाळ्या वाजवणाऱ्यांना आज ती नकोशी झाली. पारपत्र आईच्या देशाने काढून घेतले, दारे दुसऱ्या देशाने लावली. तेव्हा पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाच्या अध्यक्षांनी, सेकू तूरे यांनी, तिला घर दिले. राजधानी कोनाक्रीत ती सुमारे पंधरा वर्षे राहिली. गिनीची प्रतिनिधी म्हणून युनोच्या महासभेत बोलली. अनेक देशांनी तिला सन्मानाने नागरिकत्व दिले; एके काळी तिच्यापाशी नऊ पारपत्रे होती म्हणतात. एक हवे होते ते मात्र नव्हते.

इथे एक गोष्ट सांगायची मी टाळणार होते. पण तिची स्तुती करताना ती गाळली तर प्रामाणिकपणा होणार नाही. ज्या सेकू तूरे यांनी तिला आश्रय दिला, त्यांच्याच राजवटीत कोनाक्रीत कँप ब्वारो नावाचा तुरुंग होता. तिथे विरोधकांना अन्नपाण्यावाचून मारले जाई. १९६३ साली अदीस अबाबा येथे आफ्रिकी राष्ट्रांची संघटना स्थापन झाली, तिथे मकेबा गायली होती. त्या संघटनेचे पहिले सरचिटणीस दियालो तेली, गिनीचेच सुपुत्र, १९७७ साली याच तुरुंगात मेले. मकेबा त्याच गावात राहत होती. तिने यावर गाणे केले नाही. तूरे यांच्याविषयी ती कृतज्ञतेनेच बोलत राहिली. आश्रिताला यजमानाविरुद्ध बोलणे किती अवघड, हे आपण बायकांनी समजून घेऊ. पण कोनाक्रीतही कुणाची तरी मुले आईबापांसाठी ओरडत असतील, हे माझ्या मनातून जात नाही. मोठ्या माणसांची चरित्रे वाचताना अशी जागा आली की आपण पान उलटतो. मी उलटले नाही इतकेच.

१९७६ च्या जूनमध्ये सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या. गोऱ्यांची आफ्रिकान्स भाषा शिक्षणाचे माध्यम म्हणून लादली, त्याविरुद्ध ती मुले निघाली होती. ह्यू मासेकेला हा तुतारी वाजवणारा तिचा जुना सहकारी, काही काळ पतीही, त्याने त्यावर 'सोवेटो ब्लूज' हे गाणे केले आणि ते मकेबा गायली. ते ऐकताना ती गात नाही, विचारते आहे असे वाटते.

बोंगीही गाणारी आणि गाणी रचणारी झाली होती. १९८५ साली बाळंतपणात ती गेली. कोनाक्रीतच तिला पुरले. स्वतःच्या आईची माती नशिबी नव्हती, लेकीची मात्र आली. त्यानंतर मकेबाला तिथे राहवेना, ती ब्रुसेल्सला गेली.

पुढचा भाग भराभर सांगते, कारण तो सुखाचा आहे आणि सुखाला शब्द कमी लागतात. १९८८ च्या जूनमध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा प्रचंड कार्यक्रम झाला, त्यात ती गायली. ११ फेब्रुवारी १९९० रोजी मंडेला सुटले. त्यांनीच तिला घरी येण्याचा आग्रह केला. १० जून १९९० रोजी ती जोहान्सबर्गला उतरली, हातात फ्रान्सचे पारपत्र. वय अठ्ठावन्न. गेली तेव्हा सत्तावीस होते. ती आईच्या थडग्यापाशी गेली.

'साराफिना' या १९९२ च्या चित्रपटात तिने सोवेटोतल्या एका मुलीच्या आईचे काम केले आहे. ही आई काय करते? गोऱ्यांच्या घरी घरकाम. स्वतःच्या आईचीच भूमिका ती! ज्यांना फोनवर मिळेल त्यांनी अवश्य पाहावा. उतारवयात तिने छळ सोसलेल्या मुलींसाठी एक निवाराही काढला.

शेवट इटलीत झाला. नेपल्सजवळ कास्तेल व्होल्तुर्नो नावाचे गाव आहे. तिथे आफ्रिकेतून मजुरीला आलेले पुष्कळ लोक राहतात. सप्टेंबर २००८ मध्ये तिथल्या कामोरा नावाच्या गुन्हेगारी टोळीने अशा सहा आफ्रिकी लोकांना गोळ्या घालून मारले. रोबेर्तो साव्हियानो या तरुण लेखकाने त्या टोळीची कृत्ये पुस्तकातून उघड केली होती, म्हणून त्याच्याही जिवावर उठले होते. त्याला पाठिंबा म्हणून ९ नोव्हेंबरला तिथे एक सभा-कार्यक्रम झाला. शहात्तर वर्षांची मकेबा, गुडघे दुखत असतानाही, तिथे गेली. थंडीत उघड्यावर गायली. 'पाता पाता' गाऊन रंगमंचावरून उतरली आणि कोसळली. हृदयविकाराचा झटका होता. त्याच रात्री ती गेली. सर्वांत बिनमहत्त्वाचे वाटणारे गाणेच तिच्या ओठी शेवटचे राहिले.

मैत्रिणींनो, मला दिलेली वेळ संपली असे अध्यक्षाबाई घड्याळ दाखवून सुचवताहेत. 'खाउलेझा' मी भाच्याकडून घेऊन आले आहे, आणि आवाज मोठा करायची पेटी ग्रंथपालबाईंनी घरून आणली आहे. ते आता लावते. भाषा कळणार नाही; हाक कळेल.

आणि ज्या सूनबाईंचा मी सुरुवातीला उल्लेख केला, त्या आज मागच्या रांगेत खिडकीशी बसल्या आहेत असे मला आत्ताच कळले. त्यांचे गाणे मी तेव्हा दोन कडव्यांवर थांबवले होते. कडवी पाच होती. वही आणली असेल तर चहाच्या आधी पुढची तीन ऐकावी अशी माझी विनंती आहे. पेटीवर मी बसते.